पैसे मोजून घेतलेला खेळ बंद पाडण्याचा अधिकार कोणाचा?

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

ऑनलाइन खेळांसंबंधीचा केंद्राचा कायदा ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने संमत केला आणि २२ ऑगस्टला त्यावर राष्ट्रपतींची स्वाक्षरी झाली. पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या खेळांवर बंदी, त्यांच्या जाहिरातींवर बंदी आणि त्यांचे व्यवहार हाताळण्यास बँकांना मनाई, असा त्याचा मुख्य भाग आहे. अशा खेळांपायी कर्जबाजारी झालेली कुटुंबे पाहता तो आवश्यकच होता, याविषयी माझ्या मनात संदेह नाही. परंतु त्या सुमारास वृत्तपत्रांतून आणि वाहिन्यांवरून झालेली बहुतेक चर्चा फॅन्टसी क्रिकेट, रमी आणि पोकर यांच्यापाशीच घुटमळली. कोणताही डाव न लावता, निव्वळ खेळण्यासाठी, रीतसर पैसे मोजून संगणकावरचा खेळ घेणारा जो ग्राहकवर्ग आज शहरांतच नव्हे, तर तालुक्याच्या गावीही तयार झाला आहे, त्याच्या हक्कांचा विचार कोणी मांडल्याचे माझ्या वाचनात आले नाही. त्या वर्गातला एक म्हणून, आणि सॉफ्टवेअर, संगणकीय खेळ व इंटरनेट सेवा यांचा आवडीने मागोवा घेणारा वाचक म्हणून, हे पत्र लिहीत आहे.

या कायद्याने खेळांचे तीन प्रकार केले आहेत: ई-स्पोर्ट्स, ऑनलाइन सामाजिक खेळ आणि पैशांचे ऑनलाइन खेळ. त्यांतील सामाजिक खेळांच्या व्याख्येत, वर्गणी घेऊन किंवा एकदाच प्रवेशशुल्क आकारून असा खेळ उपलब्ध करून देता येईल, मात्र ती रक्कम पैज किंवा डाव या स्वरूपाची नसावी, असे नमूद केले आहे. म्हणजे ग्राहक पैसे देणार, ही गोष्ट कायद्याने गृहीत धरली. त्या पैशांच्या बदल्यात ग्राहकाला काय मिळाले, किती काळासाठी मिळाले आणि उद्या कंपनीने दार लावून घेतले तर त्याने कोणाकडे जावे, याबद्दल मात्र त्या व्याख्येत काही नाही. माझे सारे म्हणणे या एका उणिवेबद्दल आहे.

ही भीती काल्पनिक नाही, हे एका प्रसिद्ध उदाहरणावरून स्पष्ट होईल. युबीसॉफ्ट या फ्रेंच कंपनीने डिसेंबर २०१४ मध्ये ‘द क्रू’ नावाचा मोटारशर्यतीचा खेळ बाजारात आणला. अमेरिकेचा संपूर्ण नकाशा लहान प्रमाणात त्यात उभा केला होता आणि त्यावर एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत गाडी चालवत जाता येत असे. हा खेळ एकट्याने खेळायचा म्हटला, तरी कंपनीच्या सर्व्हरशी, म्हणजे तिच्या मध्यवर्ती संगणकाशी, जोडणी असल्याशिवाय तो सुरूच होत नसे. डिसेंबर २०२३ मध्ये कंपनीने त्याची विक्री थांबवली आणि ३१ मार्च २०२४ रोजी सर्व्हर बंद केला. त्या दिवसानंतर, ज्यांनी पेटीबंद डिस्क दुकानातून घेतली होती त्यांच्याकडेही केवळ प्लास्टिकची एक चकती उरली. पुढे कंपनीने अनेकांच्या खात्यांतून खेळाचा परवानाही काढून घेतला. कॅलिफोर्नियात काही ग्राहक न्यायालयात गेले, तेव्हा ग्राहकांनी खेळ विकत घेतलेला नसून तो वापरण्याचा मर्यादित परवाना घेतला होता, असा बचाव कंपनीने केला. कराराच्या मजकुरापुरता हा बचाव कदाचित खराही असेल. परंतु दुकानात पैसे देताना ग्राहकाची जी समजूत होती, आणि कंपनीच्या जाहिरातीने जी समजूत करून दिली होती, तिच्याशी त्याचा काडीचाही मेळ नाही. घरातला मिक्सर बनवणारी कंपनी उद्या बंद पडली, तर आपला मिक्सर ओट्यावर चालतच राहतो. फार तर त्याचे सुटे भाग मिळत नाहीत. तो दुरून बंद करण्याची कळ कंपनीने स्वतःकडे ठेवली असती, तर आपण ते खपवून घेतले नसते.

या घटनेनंतर एप्रिल २०२४ मध्ये रॉस स्कॉट या यूट्यूबरने ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही मोहीम सुरू केली. युरोपीय संघात नागरिकांना स्वाक्षऱ्या गोळा करून कायद्याची मागणी करण्याचा अधिकार आहे आणि त्यासाठी दहा लाख स्वाक्षऱ्या लागतात. जुलै २०२५ अखेर मुदत संपेपर्यंत या मागणीने तो आकडा ओलांडला. मोहिमेचे म्हणणे अतिशय माफक आहे. सर्व्हर कायम चालू ठेवा, असे ती म्हणत नाही. सेवा थांबवायची वेळ आली की खेळ वापरण्याजोग्या अवस्थेत ग्राहकाच्या हाती सोडा, एवढेच तिचे मागणे आहे. त्या दबावाचा परिणामही झाला. याच मालिकेतल्या दुसऱ्या खेळाला इंटरनेटशिवाय चालण्याची सोय करून देण्याचे युबीसॉफ्टने २०२४ मध्ये जाहीर केले आणि २०२५ मध्ये ती दिलीही. म्हणजे हे तांत्रिकदृष्ट्या अशक्य नव्हते. कॅलिफोर्निया राज्याने तर १ जानेवारी २०२५ पासून अमलात आलेल्या कायद्याने, ग्राहकाला केवळ परवाना मिळत असेल तर ते स्पष्ट न सांगता वस्तू ‘विकत’ मिळते असे भासवण्यास बंदी केली. स्टीम या संगणकीय खेळांच्या सर्वांत मोठ्या ऑनलाइन दुकानाने त्याआधीच, पैसे भरण्याच्या पानावर तशी सूचना दाखवायला सुरुवात केली. कॅलिफोर्नियातल्या ग्राहकाला जे आधी सांगावे लागते, ते साताऱ्यातल्या ग्राहकालाही सांगितले पाहिजे, असे बंधन आपल्याकडे का नसावे?

कंपन्यांच्या बाजूने मांडले जाणारे मुद्दे मी डावलू इच्छित नाही. सर्व्हर चालवण्याला खर्च येतो, खेळात वापरलेल्या मोटारींच्या नावांचे आणि गाण्यांचे हक्क ठरावीक मुदतीसाठी घेतलेले असतात, आणि देखभाल नसलेल्या सर्व्हरमधून सुरक्षेचे धोकेही संभवतात. हे सगळे खरे आहे. मात्र हक्कांची मुदत संपली म्हणून नवी विक्री थांबवावी लागणे आणि आधी विकलेली प्रत निकामी करणे, या दोन अगदी भिन्न गोष्टी आहेत. सुरक्षेची जबाबदारी म्हणाल, तर कंपनीने हात काढून घेतल्यावर जो आपला सर्व्हर स्वतः चालवील, त्याची ती असेल, आणि तसा करार करून घ्यायला कोणाचीच हरकत नसावी.

शिवाय ही व्यवस्था कोणी नव्याने शोधून काढायला हवी अशातला भाग नाही. संगणकीय खेळांची जुनी पद्धत तीच होती. आयडी सॉफ्टवेअर या कंपनीने आपल्या ‘डूम’ या खेळाचा मूळ कोड १९९७ मध्ये आणि ‘क्वेक’चा १९९९ मध्ये खुला केला, म्हणून आजच्या कोणत्याही संगणकावर, अगदी स्वस्तातल्या मोबाइलवरसुद्धा, ते खेळ चालतात. ‘काउंटर स्ट्राइक १.६’ हा खेळ २००३ चा. पुण्या-मुंबईतल्या गेमिंग कॅफेंमध्ये एक पिढी त्यावर वाढली. कॅफेतला मालक एका संगणकावर सर्व्हर सुरू करी, मग बाकीचे सगळे आपापल्या जागी कन्सोलची काळी पट्टी उघडून १९२.१६८ ने सुरू होणारा तो पत्ता टाकत आणि खेळात शिरत. इंटरनेट बंद असले, तरी कोणाचे काही अडत नसे. हेडफोनच्या वायरी टेबलाखाली गुंतलेल्या, माउसची पॅडे झिजून पांढरी पडलेली, आणि बाहेर मुसळधार पावसात वीज गेली की इन्व्हर्टरच्या भरवशावर तेवढी फेरी पुरी करण्याची धडपड, हे चित्र त्या काळच्या अनेकांच्या डोळ्यांसमोर असेल. तो खेळ आजही तसाच खेळता येतो, कारण सर्व्हर चालवण्याचे सॉफ्टवेअर खेळणाऱ्याच्या हाती दिलेले होते. अलीकडचे उदाहरण हवे असेल, तर ‘नॉकआउट सिटी’ या खेळाच्या कर्त्यांनी २०२३ मध्ये आपली सेवा थांबवताना खाजगी सर्व्हर चालवता येईल अशी आवृत्ती देऊन निरोप घेतला. गूगलने ‘स्टेडिया’ ही सेवा जानेवारी २०२३ मध्ये बंद केली, तेव्हा खेळांसाठी आणि यंत्रासाठी घेतलेले पैसे परत केले. सचोटीने दुकान बंद करता येते, हे या कंपन्यांनी दाखवून दिले आहे.

हा प्रश्न खेळांपुरताच असता, तर कोणी त्याला पोरखेळ म्हणून बाजूला सारले असते. पण जे आज खेळांच्या बाबतीत चालले आहे, ते कामाच्या सॉफ्टवेअरच्या बाबतीत केव्हाच घडून गेले आहे आणि त्याची सर्वांत मोठी किंमत, माझ्या मते, मराठी मजकुराने मोजली आहे. सर्व भाषांच्या अक्षरांना जगभर एकच संकेत देणाऱ्या युनिकोडचा वापर रुळण्यापूर्वी आपल्याकडे छपाईसाठी जी मराठी सॉफ्टवेअर होती, त्यांतील जवळजवळ प्रत्येकाची अक्षरांची सांकेतिक मांडणी स्वतःची होती. कोल्हापुरात छपाईच्या व्यवसायात असलेल्या माझ्या एका स्नेह्यांनी असेच एक सॉफ्टवेअर त्या काळी चांगली रक्कम मोजून घेतले होते. ते चालण्यासाठी संगणकाच्या मागच्या प्रिंटरच्या पोर्टला डोंगल, म्हणजे परवाना पडताळणारे छोटे उपकरण, लावावे लागे. पुढे नव्या संगणकांना तो पोर्टच येईनासा झाला, म्हणून केवळ त्या डोंगलसाठी एक जुने यंत्र कोपऱ्यात जपून ठेवले गेले. एके दिवशी डोंगल निकामी झाले. विक्रेत्या कंपनीने ती आवृत्ती आता आमच्या सेवेत नाही, नवी घ्या, असे उत्तर दिले. स्नेह्यांच्या कपाटात गावोगावच्या गणेश मंडळांच्या स्मरणिका, शाळांचे हीरकमहोत्सवी अंक, एका स्थानिक इतिहास संशोधकाचे संपूर्ण हस्तलिखित, असा कितीतरी मजकूर सीडीवर साठवलेला आहे. त्या फाइली आज साध्या वर्ड प्रोसेसरमध्ये उघडल्या, तर पडद्यावर रोमन अक्षरे, टिंबे आणि डॉलरची चिन्हे यांची रांग दिसते. कन्व्हर्टर वापरून त्या युनिकोडमध्ये आणता येतात खऱ्या, पण रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतो, पहिली वेलांटी एक घर पुढे सरकते, जोडाक्षरे फुटतात, आणि मग प्रत्येक पान माणसाने ओळीओळीने तपासावे लागते. त्या संशोधकांचे निधन झाले आहे. आता अडलेला शब्द त्यांना विचारण्याची सोयही राहिली नाही.

याउलट, ॲडोबी या कंपनीने फोटोशॉप असलेल्या आपल्या सीएस२ या जुन्या सॉफ्टवेअर संचाची नोंदणी तपासणारा सर्व्हर बंद केला, तेव्हा ज्यांनी तो संच पूर्वी विकत घेतला होता, त्यांना नोंदणीशिवाय चालणारी आवृत्ती उपलब्ध करून दिली होती. त्याच कंपनीने २०१३ पासून नव्या आवृत्त्यांची एकरकमी विक्री थांबवून वर्गणीची वाट धरली, हेही नमूद केले पाहिजे. वर्गणीला माझा तात्त्विक विरोध नाही. दरमहा पैसे देऊन सेवा घेणाऱ्याला, पैसे थांबले की सेवा थांबेल, हे आधीच ठाऊक असते. वर्गणी थांबल्यावर स्वतःच केलेल्या कामाच्या फाइली दुसऱ्या कशात उघडता येणार नाहीत, हे मात्र अन्यायाचे आहे.

विंडोज १० चे प्रकरण तर ताजेच आहे. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी त्याची नियमित सुरक्षा अद्ययावतता थांबवली. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा व्यवस्था आणि तुलनेने अलीकडचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे धडधाकट असलेले असंख्य संगणक केवळ या अटींपायी मागे पडले. त्यांत शाळांच्या प्रयोगशाळा आहेत, पतसंस्था आहेत, लहान दवाखाने आहेत. हे संगणक बंद पडत नाहीत, पण सुरक्षेच्या नव्या दुरुस्त्या मिळेनाशा झालेला संगणक पतसंस्थेत वापरणे म्हणजे ठेवीदारांच्या माहितीशी खेळणे आहे. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की युरोपात ग्राहक संघटनांनी आवाज उठवल्यावर तिथल्या घरगुती ग्राहकांना वर्षभराची वाढीव मुदत विनाशुल्क आणि सौम्य अटींवर मिळाली. इतर देशांतील ग्राहकांना संगणकातील सेटिंग्ज कंपनीच्या खात्याशी जोडणे, कंपनीच्या बक्षीस योजनेत जमवलेले गुण खर्च करणे किंवा पैसे भरणे यांतून निवड करावी लागली. एकाच कंपनीचे तेच सॉफ्टवेअर, आणि वागणूक निराळी. ग्राहक संघटित असला की काय मिळते, याचा यापेक्षा स्पष्ट पुरावा दुसरा नसेल. शाळांनी अशा संगणकांवर लिनक्स ही मोफत कार्यप्रणाली बसवावी, असे मी आग्रहाने सुचवीन; लिब्रेऑफिस हे लेखनाचे मोफत सॉफ्टवेअर मराठी मेन्यूंसह मिळते आणि लेखन-वाचनाच्या कामाला ते पुरेसे आहे. मात्र ते काम करून देणारा जाणकार प्रत्येक शाळेला कुठून मिळणार, हा प्रश्न शिक्षण विभागानेच सोडवायला हवा.

इंटरनेट सेवांविषयी थोडक्यात लिहितो. ऑर्कुट हे समाजमाध्यम ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाले, तेव्हा तिथल्या मराठी समूहांत कविता, गडकिल्ले, पाककृती यांवर झालेल्या उत्तमोत्तम चर्चा काही काळ केवळ वाचण्यापुरत्या राहिल्या आणि नंतर तेही संपले. ‘कू’ ही ट्विटरसारखी भारतीय सेवा जुलै २०२४ मध्ये थांबली. तिथे मराठीत लिहिणारी मंडळी होती. सेवा बंद करताना सदस्यांना आपले लेखन सहज उतरवून घेता येईल अशी मुदत आणि साधन देण्याचे स्पष्ट बंधन असले पाहिजे.

आणखी एक अडचण तांत्रिक असली, तरी मांडणे भाग आहे. समजा, उद्या एखाद्या कंपनीने उदार मनाने आपल्या खेळाचा सर्व्हर खुला केला. तो घरी चालवायचा कसा? आपल्याकडच्या पुष्कळशा ब्रॉडबँड कंपन्या अनेक ग्राहकांना इंटरनेटवरच्या एकाच सार्वजनिक (आयपी) पत्त्यामागे बसवतात. तंत्रज्ञ या पद्धतीला सीजीनॅट म्हणतात. अशा जोडणीवर बाहेरून कोणालाही आपल्या घरच्या संगणकापर्यंत पोहोचता येत नाही, आणि स्वतंत्र पत्ता हवा असल्यास वेगळे शुल्क पडते. आयपीव्ही६ या नव्या पत्तापद्धतीच्या प्रसारात भारत जगात आघाडीवर आहे आणि त्यात प्रत्येक घराला स्वतःचा सार्वजनिक पत्ता देणे सहज शक्य आहे. तरीही अनेकदा राउटरमध्येच बाहेरून आत येण्याची वाट बंद ठेवलेली असते आणि ग्राहकाला ती उघडण्याची मुभा नसते. जाहिरातींत केवळ वेगाचे आकडे सांगितले जातात. घराला सार्वजनिक पत्ता मिळेल की नाही, हे योजनेच्या माहितीपत्रकावर छापण्याचे बंधन ट्राय या दूरसंचार नियामकाने घालावे.

आता कायद्याकडे येतो. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये अन्याय्य कराराची व्याख्या आहे, आणि वाजवी कारणाशिवाय एकतर्फी करार संपवण्याचा अधिकार एका पक्षाला देणारी अट तीत स्पष्टपणे मोडते. त्या कलम २(४६) मध्ये ‘द क्रू’सारखे प्रकरण चपखल बसू शकते, असे मला वाटते. अडचण पुढेच आहे. अन्याय्य कराराची तक्रार जिल्हा आयोगापुढे चालत नाही. ती राज्य किंवा राष्ट्रीय आयोगाकडे न्यावी लागते. तीन हजार रुपयांच्या खेळासाठी गडचिरोलीचा किंवा नंदुरबारचा विद्यार्थी राज्य आयोगाचे दार ठोठावील, अशी अपेक्षा करणे व्यर्थ आहे. जिल्हा आयोगात सेवेतील त्रुटीची तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, आणि आपण राहतो त्या जिल्ह्यात ती दाखल करता येते, हे खरे. पण सेवा केव्हाही थांबवू शकतो, असे करारात आधीच लिहून घेतलेले असताना त्रुटी सिद्ध करायची कशी, असा पेच उभा राहतो. म्हणून डिजिटल वस्तूंच्या बाबतीत, ठरावीक रकमेच्या आतील अन्याय्य कराराची तक्रार जिल्हा आयोगाला ऐकता यावी, एवढी दुरुस्ती संसदेने करावी.

तोवरही बरेच करता येण्यासारखे आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये संकेतस्थळे आणि ॲप यांतील फसव्या रचनांविरुद्ध (‘डार्क पॅटर्न्स’) मार्गदर्शक सूचना काढल्या आणि त्यांत तेरा प्रकार सांगितले. वर्गणीचा सापळा हा त्यांपैकी एक. त्याच धर्तीवर, एकदाच पैसे घेऊन दिलेल्या सॉफ्टवेअरची आणि खेळाची सेवा किमान किती वर्षे चालेल, हे पैसे भरण्यापूर्वी ठळकपणे दाखवण्याची, आणि सेवा संपताना इंटरनेटशिवाय चालणारी आवृत्ती, सर्व्हरचे सॉफ्टवेअर किंवा परतावा यांपैकी एक काहीतरी देण्याची सूचना काढावी. ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी संकेतस्थळ सुरू केले, त्यात मोबाइल, गृहोपयोगी उपकरणे, वाहने आणि शेतीची अवजारे आहेत. सॉफ्टवेअरचाही त्यात समावेश व्हावा. नव्या कायद्यानुसार ऑनलाइन खेळांसाठी जे प्राधिकरण असेल, त्यानेही केवळ जुगार शोधण्यात समाधान मानू नये.

महाराष्ट्राला या बाबतीत पुढाकार घेण्याचा अधिकार आहे. अखिल भारतीय ग्राहक पंचायत १९७४ मध्ये पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी उभी केली आणि १९७५ पासून मुंबई ग्राहक पंचायत काम करते आहे. धान्यातली भेसळ आणि वजनातली लबाडी यांविरुद्ध ज्या चिकाटीने या चळवळीने लढा दिला, ती चिकाटी डिजिटल व्यवहारांच्या बाबतीतही दिसावी, अशी माझी या संस्थांना विनंती आहे. वाचकांपैकी ज्यांचा एखादा खेळ, सॉफ्टवेअर वा पुस्तक पैसे भरूनही अशा प्रकारे बंद पडले असेल, त्यांनी पावतीची प्रत, कंपनीचा ई-मेल आणि बंद पडल्याचा पडद्यावरचा संदेश जपून ठेवून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. अशा नोंदी पुरेशा जमल्या, तर ग्राहक संघटनांना सामूहिक तक्रार दाखल करता येईल.

आपला विश्वासू,
एक वाचक, सांगली